सेल्चुकहून एका दिवसात प्रिएने, मिलेटस आणि दिदिमा : खासगी गाडी-गाईड करावा का?

शेवंती

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन तुर्कस्तानला जातेय. इस्तंबूल आणि कप्पादोकियाचं सगळं ठरलंय, इथले जुने धागे त्यासाठी भरपूर उपयोगी पडले. शेवटचा मुक्काम सेल्चुकला आहे. जवळच्या एफेससला, त्या प्राचीन शहराला, एक अख्खा दिवस ठेवलाय, ते आमचं आम्ही बघू. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या मोकळ्या दिवसाचा.

हॉटेलवाल्याने दोन पर्याय सुचवलेत. एक म्हणजे पामुक्कालेची बसटूर. दुसरा, प्रिएने-मिलेटस-दिदिमा ही तीन प्राचीन ग्रीक ठिकाणं, खासगी गाडी आणि सोबत गाईड. दुसऱ्याचा आकडा ऐकून बाबा आधी गप्प झाले, मग "मिलेटस म्हणजे थेलीसचं ना?" असं विचारून कपाटातली जुनी वही शोधायला गेले. (शाळेत इतिहास शिकवायचे. थेलीस म्हणजे जुना ग्रीक तत्त्वज्ञ.) म्हणजे त्यांचं मत कळलं. आईचे गुडघे कुरकुरतात, सपाटीवर तास-दीड तास चालते, पण चढ म्हटला की काठी लागते.

गाईड लागतोच का, की नुसती गाडी-ड्रायव्हर पुरे? आईला झेपेल का? आणि एफेसस पाहिल्यावर ही तीन ठिकाणं म्हणजे त्याच दगडांची उजळणी तर नाही ना होणार?

डोंगरवेडा

पामुक्काले सोडा. सेल्चुकहून जाऊन-येऊन पाच-सहा तास नुसते गाडीत जातात, आणि बसटूर असेल तर वाटेतली दुकानं वेगळी. तिथल्या चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्यांवर अनवाणी चालायचं असतं, ते आईंच्या गुडघ्यांना जास्त त्रासाचं.

प्रिएनेबद्दल माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगतो. एफेससला तुम्ही हजारोंच्या लोंढ्यात चालता. प्रिएनेला सकाळी लवकर पोचलात तर पाइनची झाडं, वारा आणि एखादा चौकीदार, बस्स. शहर मिकाले डोंगराच्या उतारावर, पाठीमागे सरळसोट कडा. गल्ल्या काटकोनात आखलेल्या. डोंगर चढा असूनही आखणीत तडजोड केलेली नाही, जिथे चढ जास्त तिथे रस्त्याच्या सरळ पायऱ्याच केल्यात.

अथेना या ग्रीक देवीच्या देवळाचे पाच खांब परत उभे केलेत. बाकीचे तिथेच आडवे पडलेत, त्यांच्यामधून फिरता येतं. दोरी नाही, शिट्टी मारणारा रखवालदार नाही. या देवळाला पैसे दिले अलेक्झांडरने. "राजा अलेक्झांडरने हे मंदिर अथेना पोलियासला अर्पण केले" असा लेख कोरलेला दगड तिथला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, अर्थातच.

आईंना चढ त्रासदायक होईल हे खरं. वाहनतळापासून वर जायला दगडी, खडबडीत वाट आहे. पण सावली आहे, बसत बसत गेलं तर जमेल.

तिरकस

मी उलट्या बाजूने बोलतो. एफेसस पाहिल्यावर सामान्य माणसाचं पोट भरतं. सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत पाहिली, पंचवीस हजार माणसं बसतील असं थिएटर पाहिलं, सार्वजनिक संडासाची संगमरवरी बैठक पाहून फोटो काढला. त्यानंतर खांब तो खांबच. हा पैसा टेरेस हाउसेसचं वेगळं तिकीट काढण्यात घाला. श्रीमंतांची घरं आहेत, भिंतींवर चित्रं, जमिनीवर मोझाइक, वर छप्पर घातलंय. लोक तिकिटाकडे बघून पुढे जातात आणि एफेससमधली सगळ्यात सुंदर गोष्ट चुकवतात.

आणि एफेससमध्ये वरच्या दरवाजाने शिरा, खालच्याने बाहेर पडा. मग सगळा उतार. आईंसाठी हे विशेष.

गोदाकाठ

तिरकस, खांब तो खांबच नसतो हो. हाच तर मुद्दा आहे.

एफेससला आज जे दिसतं ते बहुतेक रोमन काळातलं. सेल्ससचं ग्रंथालय इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, मुलाने बापाच्या स्मरणार्थ बांधलेलं, आणि बाप तिथेच खाली पुरलेला. प्रिएनेचं तसं नाही. रोमन काळात हे गाव मागे पडलं, कुणी पाडून नवं बांधायच्या भानगडीत पडलं नाही, म्हणून इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातलं ग्रीक गाव जवळपास आहे तसं राहिलं. सभागृह पाहा: चौकोनी, तीन बाजूंना पायऱ्या, सुमारे ६४० माणसांची सोय, मध्ये वेदी. थिएटरच्या पहिल्या ओळीत मानकऱ्यांसाठी संगमरवरी खुर्च्या आहेत, त्यांचे पाय सिंहाच्या पंजांचे. पंजाची नखं अजून हाताला लागतात. लोकशाहीतही पहिली रांग राखीव होती, ही बाबांना सांगण्यासारखी गोष्ट.

मिलेटसला पुन्हा रोमन थाट. थिएटर मुळात ग्रीक, पण रोमनांनी वाढवून पंधरा हजारांचं केलं. त्याच्या पोटातले कमानदार बोगदे इतके धड आहेत की आत शिरल्यावर गारवा लागतो. पाचव्या ओळीत एक लेख शोधा, ज्यू लोकांच्या राखीव जागांचा. फौस्टिनाच्या स्नानगृहात थंड पाण्याच्या हौदाच्या कडेला नदीदेव आडवा पहुडलेला आहे. ती प्रतिकृती आहे, मूळ मूर्ती संग्रहालयात. ही फौस्टिना म्हणजे सम्राट मार्कस ऑरेलियसची बायको.

आणि बाजारपेठेचा दरवाजा? तो बर्लिनला. १९०३ ते १९०५ मध्ये जर्मनांनी खणला आणि तुकडे करून नेला, पेर्गामोन म्युझियममध्ये जोडून उभा केला. मिलेटसला त्या जागी उभं राहून बघायचं ते त्याचं नसणं.

थेलीस, अनाक्सिमँडर, अनाक्सिमिनीस हे तिघेही तत्त्वज्ञ इथलेच. बाबांना थेलीसची घाण्यांची गोष्ट ठाऊक असेलच. ऑलिव्हचं पीक जोरात येणार हे त्याने आधीच ताडलं आणि हिवाळ्यात, कुणाला गरज नसताना, मिलेटस आणि खिओस बेटावरचे सगळे घाणे स्वस्तात भाड्याने धरून ठेवले. हंगामात हवा तो दर लावला. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही म्हणणाऱ्यांना दिलेलं उत्तर.

नाममात्र

वाचनखूण साठवली. गोदाकाठ, थेलीसने तर वायदेबाजारच सुरू केला म्हणायचा :)

इझमीरकर

नोकरीनिमित्त इझमीरला असतो, पाहुणे आले की हीच चक्कर होते. मुद्द्याचं सांगतो.

पहिलं, 'प्रायव्हेट टूर' या नावाखाली इथे दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, गाडी आणि ड्रायव्हर. दुसरी, गाडी, ड्रायव्हर आणि परवानाधारक गाईड. तुर्कस्तानात परवान्याशिवाय गाईडचं काम करणं बेकायदा आहे. गळ्यात ओळखपत्र असतं. ड्रायव्हर कितीही गप्पिष्ट असला तरी तो तुमच्याबरोबर आत येऊन समजावून सांगणार नाही, त्याला ते करता येत नाही. त्यामुळे स्वस्त आकडा दिसला तर गाईड धरून आहे का ते लेखी विचारा. गाईडची भाषा, गाडी किती तासांसाठी, तिकिटं आणि जेवण धरलंय का, वाटेत दुकान आहे का, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. दर माणशी नसतो, गाडीमागे असतो, तेव्हा तिघांत वाटला की आकडा एवढा टोचत नाही. ओळखीचं आणखी एखादं कुटुंब मिळालं तर सोन्याहून पिवळं.

एफेससला गाईड नसला तरी चालतं, फलक भरपूर आहेत. या तीन ठिकाणी मात्र घ्या, विशेषतः मिलेटससाठी. तिथे थिएटर सोडलं तर बाकी सगळं गवतात विखुरलेलं. ज्याला माहीत नाही त्याला वीस मिनिटांत कंटाळा येईल, आणि ज्याला कुणी हात धरून फिरवलं त्याला दोन तास कमी पडतील.

दुसरं, क्रम. सकाळी आधी प्रिएने, कारण चढ उन्हाआधी संपवायचा. सेल्चुकहून तासाभरात पोचाल. मग मिलेटस, मग जेवण, शेवटी दिदिमा. दोन्ही टप्पे वीस-बावीस किलोमीटरचे. परतीला दीडेक तास. साडेआठला निघालात तर दिवेलागणीला हॉटेलवर. उलट्या क्रमाने नेतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. प्रिएनेच्या देवळाच्या ओट्यावरून खाली बघा. पसरलेलं सपाट रान दिसेल, कापसाची शेतं. ते सगळं पूर्वी समुद्र होतं. ब्युक मेंदेरेस नदीने गाळ आणून आणून अख्खी खाडी बुजवली. मिलेटस चार बंदरांचं शहर होतं, आज समुद्र आठ-दहा किलोमीटर लांब आहे. इसवी सनापूर्वी ४९४ मध्ये इराण्यांनी आयोनियन ग्रीकांचं आरमार लादे बेटापाशी मोडलं आणि मग मिलेटस लुटलं. ते लादे बेट आज शेतातली टेकडी आहे, गाडीतून जाताना गाईडला बोट दाखवायला सांगा. थोडं पूर्वेला बाफा सरोवर आहे, तो त्याच खाडीचा मागे राहिलेला तुकडा. बंदर गेलं, व्यापार गेला, डास आले, माणसं गेली. ही तीन ठिकाणं एका दिवसात सलग बघितली की हे डोळ्यांनी कळतं, सुटी सुटी बघून नाही. एफेससही असंच बुजलं, फक्त तिथली नदी वेगळी. बसटूरवाले या खिडकीतल्या रानाबद्दल अवाक्षर काढत नाहीत, थेट थिएटरपाशी उतरवतात. खासगी गाडीचा खरा फायदा हा, की मध्येच 'थांबा' म्हणता येतं.

शेवंती

इझमीरकर, केवढं उपयोगी लिहिलंत! बाबांना वाचून दाखवलं. लादेच्या टेकडीवर ते अडून बसलेत, "चढता येते का विचार" म्हणतात. नाही विचारणार :)

आणखी दोन प्रश्न. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. वाटेत काय मिळेल? आणि स्वच्छतागृहं कुठे आहेत? साठीपुढच्या बायकांना घेऊन फिरताना हे आधी विचारावं लागतं.

कुंदा

शेवंती, सासूबाईंना घेऊन आम्ही हीच फेरी केली, त्यामुळे तुझ्या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे.

स्वच्छतागृह तिन्ही ठिकाणी प्रवेशाजवळच, आत काही नाही. त्यामुळे प्रिएनेला चढायच्या आधीच उरकून घ्यायला सांग, परत खाली येणं होत नाही.

खाण्याचं म्हणशील तर गोझलेमे जिंदाबाद. पातळ लाटलेली पोळी, आत पालक आणि पांढरं चीज किंवा बटाटा, तव्यावर भाजून देतात. बायका समोर बसून लाटतात, लाटणं आपल्यापेक्षा बारीक आणि लांब, काठीच जणू. सासूबाई जेवायच्या सोडून ते लाटणंच बघत बसल्या. सोबत आयरान, म्हणजे आपलं बिनमसाल्याचं खारं ताक. मसुराचं सूप सगळीकडे मिळतं पण कधीकधी हाडांच्या पाण्यात केलेलं असतं, भातही कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'एत्सिझ' म्हणजे मांस नसलेलं, एवढा शब्द पाठ कर, पण त्यावर थांबू नकोस, गाईडकडून पाण्याचंही विचारून घे. ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या मात्र निर्धास्त खा. दिदिमाला देवळाच्या अगदी समोर हॉटेलं आहेत, दर चढे. मिलेटसजवळ किंवा वाटेतल्या गावात खाल्लेलं बरं.

प्रिएनेला सासूबाई देवळापर्यंत आल्या, त्यापुढे नाही. खांबाच्या एका पडलेल्या तुकड्यावर बसून राहिल्या आणि आम्ही थिएटर बघून आलो. तुझ्या आईला काठी देच, दगड गुळगुळीत झालेत, चपला नकोत.

आता तक्रार. आमच्या एजन्सीने 'दुकान नाही' असं फोनवर सांगितलं होतं. प्रत्यक्षात दुपारी 'फक्त चहा' म्हणून गालिच्यांच्या शोरूममध्ये नेलं. चहा आला, मग गालिचे उलगडायला लागले, एकावर एक, आणि सेल्समनने सासूबाईंना 'आंटी' करून धरलं. तिथून सुटेपर्यंत एवढा वेळ गेला की दिदिमाला पोचलो ते बंद व्हायच्या बेतात. म्हणून इझमीरकर म्हणतात ते लेखी घेण्याचं अगदी खरं.

डोंगरवेडा

कुंदाताई +१. आणि दिदिमा घाईत बघणं म्हणजे पाप आहे हो. तीन खांब उभे आहेत, प्रत्येक वीस मीटरच्या आसपास. दोघांच्या डोक्यावर तुळई आहे, तिसऱ्याला पन्हाळ्याच पाडायच्या राहिल्यात, काम अर्धवट. एक खांब भूकंपात सरळ आडवा झालाय, त्याचे गोल दगड काकडीच्या चकत्यांसारखे एकावर एक कलंडलेत. त्या एका चकतीशेजारी उभं राहिलं की मग कळतं आपण काय बघतोय.

गोदाकाठ

दिदिमाबद्दल थोडं अजून. हे अपोलो या ग्रीक देवाचं देऊळ, आणि इथे कौल लावायचे. मिलेटसहून इथपर्यंत पवित्र मार्ग होता, लोक मिरवणुकीने चालत यायचे. समोरून पायऱ्या चढून गेलात की एक प्रचंड दार दिसतं, पण त्याचा उंबराच जवळजवळ दीड मीटर उंच. तिथून आत जाता येतच नाही! आत जायला दोन्ही बाजूंना अंधारी, उतरती भुयारं आहेत. तिथून खाली उतरलं की एकदम उघड्या आभाळाखालच्या अंगणात निघता. बाहेरून एवढं मोठं देऊळ, आत छप्परच नाही. मधोमध अपोलोच्या मूर्तीसाठी लहानसं देऊळ होतं, त्याचा फक्त पाया उरलाय.

त्या अंगणाच्या भिंतींवर, ऊन तिरपं असताना, बारीक रेघा दिसतात. १९७९ मध्ये लोथर हासेलबेर्गर या जर्मन संशोधकाच्या त्या लक्षात आल्या. बांधणाऱ्यांनी काढलेले नकाशे आहेत ते, काही खऱ्या मापाचे. खांबाचा फुगवटा किती, कुठे, सगळं भिंतीवरच आखलेलं. देऊळ शेकडो वर्षं बांधत होते आणि पूर्ण झालंच नाही, म्हणून भिंती शेवटची घासाई होण्यापासून वाचल्या. काम पूर्ण झालं असतं तर रेघा गेल्या असत्या. गाईडला आवर्जून विचारा, बरेच जण मेडुसाचं (केसांच्या जागी साप असलेल्या राक्षशीचं) कोरलेलं डोकं दाखवून पुढे सरकतात.

(अवांतर: बाबांना इतिहासाची गोडी आहे तर परत आल्यावर कोल्हापूरला टाउन हॉल संग्रहालयात न्या. ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे, वीतभरही नसेल. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, खांब दान केल्याचे लेख आहेतच. ही मंडळी आपल्याकडे येऊन गेलेली आहेत.)

तिरकस

भुयार आणि भिंतीवरचे नकाशे वाचून थोडा डगमगलोय, पण लगेच शरण येत नाही. एवढं पुराण सांगणारा गाईड मिळाला तर ठीक. नाहीतर "हा खांब, तो खांब, आता फोटो". मी तरी तसलेच पाहिलेत.

इझमीरकर

तिरकस, रास्त शंका. म्हणून बुकिंगआधी गाईडशी थेट बोलायला मागा. बाबांनीच एक प्रश्न विचारावा, उदाहरणार्थ प्रिएने आणि मिलेटसच्या रस्त्यांची आखणी सारखी का दिसते. काटकोनी आखणीसाठी ओळखला जाणारा नगररचनाकार हिप्पोडामस मिलेटसचा, हे ज्याच्या तोंडून लगेच आलं तो चालेल.

तिकिटांचं: परदेशी पाहुण्यांना दर युरोमध्ये. एफेससचं ४० युरो होतं तेव्हा आमच्या पाहुण्यांनी डोळे पांढरे केले होते. या तिघांचं त्यामानाने किरकोळ. एजियन भागाचा म्युझियम पास असतो, पण आधी बेरीज करा, मग घ्या. दर सारखे बदलतात, जायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ बघा.

आगाऊ_कार्टा

गाईड-बिईड नको, बसने होणार नाही का? बजेट प्रवासी विचारतोय.

इझमीरकर

होईल, पण तिन्ही एका दिवसात नाही. सोके या गावापर्यंत बस, तिथून प्रिएनेलगतच्या गुल्लुबाह्चेला दोल्मुश, म्हणजे आपल्या वडापसारखी मिनीबस, तेवढ्यात प्रिएने निवांत होईल. दिदिमाला सोकेहून थेट बस आहे, देऊळ गावातच आहे. अडतं ते मिलेटसवर. तिथली गाडी चुकली की बेडकांशी गप्पा मारत बसा. पावसाळी दिवसांत तिथे खरोखरच पाणी साचतं आणि बेडूक असतात.

नाममात्र

व्हिसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून: भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो तो अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा वैध व्हिसा वा रहिवासी परवाना असेल तरच. नाहीतर रीतसर अर्ज करून स्टिकर व्हिसा. शेवंतीताईंचं झालं असेलच, नंतर वाचणाऱ्यांसाठी.

शेवंती

झालंय. सगळ्यांचे आभार!

ठरलं ते असं: खासगी गाडी आणि गाईड, क्रम इझमीरकरांचा. गाईडबाईंशी व्हिडिओ कॉल झाला. बाबांनी हिप्पोडामस विचारायच्या आत त्यांनीच घाण्यांची गोष्ट सुरू केली, मग पाऊण तास कुणी फोन ठेवेना. दुकान नाही, हे लेखी आलंय. आई प्रिएनेला देवळापर्यंत येईल, नाहीतर खाली चहाच्या टपरीवर बसेल, तशी तिची तयारी आहे. एकच काळजी, बाबा प्रिएनेलाच दुपार करतील. तसं झालं तर काय गाळू?

इझमीरकर

मिलेटसचं संग्रहालय गाळा. थिएटर, फौस्टिनाचं स्नानगृह आणि वेळ उरला तर १४०४ ची इल्यास बे मशीद, एवढं पुरे. मशिदीला सहसा कुणी जात नाही, पण जुन्या शहराचे संगमरवरी दगड वापरून बांधली आहे, दारावरची जाळी बघण्यासारखी. दिदिमाला किमान एक तास हवाच, त्याला हात लावू नका. आणि ऑक्टोबरमध्ये कापूस वेचणीचा हंगाम असतो, सोकेच्या रस्त्यावर कापसाचे ट्रॅक्टर आडवे येतात, त्यासाठी वीस मिनिटं जास्तीची धरा.

डोंगरवेडा

आणि पाणी सेल्चुकहूनच घेऊन निघा, प्रिएनेला वर काही मिळत नाही.

आगाऊ_कार्टा

बरं, आफ्रोदिसियासचं काय? तेही म्हणे भारी आहे. याच दिवशी कोंबता येईल का?

गोदाकाठ

नाही. ते पूर्वेला, आत डोंगरात. तिथली शिल्पं अप्रतिम आणि प्राचीन स्टेडियम जगातल्या उत्तम टिकलेल्यांपैकी, पण त्याची जोडी पामुक्कालेशी लावतात, मेंदेरेसच्या मुखाशी नाही. खासगी गाडी असेल तर पामुक्काले-आफ्रोदिसियास असा वेगळा दिवस करता येतो, आणि तो बसटूरपेक्षा केव्हाही सरस.

तिरकस

त्यासाठी वेगळा धागा काढ रे. इथे शेवंतीताईंच्या गाडीत आता जागा नाही.